ऑफिसची पार्टी आणि न पिणारे सहकारी: आयोजकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

टीम डिनर, परिषदेनंतरची संध्याकाळ, क्लायंटबरोबरची भेट, कुणाचा तरी निरोप समारंभ. कामानिमित्त होणाऱ्या अशा कार्यक्रमांत एक गोष्ट बहुतेक वेळा गृहीत धरलेली असते: आलेला प्रत्येक जण पिणार. मग सगळी मांडणी त्याच हिशोबाने होते. बार हॉलच्या मध्यभागी, आणि न पिणाऱ्यांसाठी एका टोकाला पाण्याचा जग आणि कोमट झालेला कोला. आयोजकाच्या मनात वाईट काही नसतं. या बाजूने विचार करायचंच राहून गेलेलं असतं.

मुळात हे गृहीतकच चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली जगातल्या १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांपैकी साधारण ४४ टक्के लोक मद्य घेणारे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक घेत नाहीत. तुमच्या टीममध्ये हे प्रमाण वेगळं असेल, पण न पिणारं कुणीच नाही असं सहसा होत नाही. जे घेतात त्यांच्यातही त्या दिवशी गाडी चालवायची असलेले, औषधं चालू असलेले, दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं असलेले असतातच.

असा कार्यक्रम नीट झाला की नाही हे पाहायला मी एकच कसोटी लावते. न पिणाऱ्या माणसाला अख्ख्या संध्याकाळी एकदाही "का नाही घेत?" याचं उत्तर द्यावं लागू नये, आणि न प्यायल्यामुळे कामाची एकही गोष्ट त्याच्या हातून निसटू नये. पुढची सगळी कामं या दोन गोष्टींसाठीच आहेत.

आधी हे समजून घ्या: कारण विचारायचं नसतं

न पिण्याची कारणं कितीतरी असतात. कुणाचा धर्म परवानगी देत नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या काही औषधांचा कोर्स चालू असताना डॉक्टर मद्य टाळायला सांगतात. कुणी नुकतीच गरोदर असते आणि अजून तिने घरीसुद्धा सगळ्यांना सांगितलेलं नसतं. पूर्व आशियाई वंशाच्या बऱ्याच लोकांच्या शरीरात मद्य पचवणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही. त्यामुळे थोडंसं घेतलं तरी चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, मळमळतं. कुणाच्या घरात व्यसनामुळे वाताहत झालेली असते. कुणी स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला असतो आणि एकेक दिवस सांभाळत असतो. आणि कितीतरी जणांना फक्त आवडत नाही, एवढंच.

आता यातली कारणं पुन्हा वाचा आणि विचार करा, यातलं कोणतं कारण माणूस आपल्या बॉससमोर, जेवणाच्या टेबलावर, आठ जण ऐकत असताना सांगू शकेल? सहज म्हणून विचारलेला प्रश्न समोरच्याला आजार, गरोदरपण किंवा व्यसनाचा इतिहास उघड करायला तरी लावतो, नाहीतर खोटं बोलायला. म्हणून "आमच्याकडे कुणी न पिणारं आहे का?" अशी यादी आधी गोळा करू नका. कुणालाही हात वर करावा लागू नये अशीच व्यवस्था करा. खाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारता त्याच फॉर्मवर "खाण्यापिण्याबद्दल आम्हाला काही सांगायचं आहे का?" अशी एक मोकळी ओळ ठेवली तर पुरे. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.

पहिलं काम: कार्यक्रम कशासाठी आहे ते ठरवा

जागा बुक करण्याआधी स्वतःला विचारा की या कार्यक्रमातून काय व्हायला हवं आहे. नव्या लोकांची ओळख? एखादं मोठं काम पार पडल्याचा आनंद? दोन विभागांतला अबोला संपवणं? उत्तर काहीही असो, त्यासाठी दारू लागतेच असं नाही. बऱ्याचदा ती केवळ सवयीने येते.

सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे वेळ बदलणं. संध्याकाळी आठचं डिनर दुपारच्या जेवणावर आणा. दुपारी कुणी पिण्याची अपेक्षाच करत नाही, घरी लहान मुलं असलेल्यांना येता येतं, लांब राहणाऱ्यांचे हाल होत नाहीत आणि जेवण झालं की कार्यक्रम आपोआप संपतो. सकाळचा नाश्ता, चारची कॉफी हेही चांगले पर्याय आहेत. वर्षातून चार कार्यक्रम होत असतील तर निदान दोन तरी दिवसाउजेडी आणि मद्याशिवाय ठेवा. काही लोकांना मद्य असलेल्या जागी बसायचंच नसतं आणि चांगला मॉकटेल ठेवल्याने त्यांची अडचण सुटत नाही. त्यांच्यासाठी असे कार्यक्रम हाच खरा उपाय आहे.

संध्याकाळचाच कार्यक्रम करायचा असेल तर हातांना आणि डोक्याला काहीतरी काम द्या: प्रश्नमंजूषा, टेबलावरचे खेळ, एकत्र स्वयंपाक, छोटं प्रदर्शन, कुणाचं तरी पंधरा मिनिटांचं रंजक बोलणं. करायला काहीच नसलं की लोक बारपाशी गोळा होतात, कारण हातात ग्लास धरणं हीच एक कृती उरते. स्पर्धा ठेवली तर बक्षीस म्हणून बाटली देऊ नका, आणि "हरलेल्याने एक शॉट घ्यायचा" असले नियम तर मुळीच नकोत.

दुसरं काम: आमंत्रण

माणूस येणार की नाही हे आमंत्रण वाचतानाच ठरतं. "ड्रिंक्सला भेटूया", "बिअर नाइट", "ओपन बार!" असं लिहिलं की न पिणारा समजतो की हे आपल्यासाठी नाही, आणि काहीतरी निमित्त सांगून टाळतो. कार्यक्रमाचं नाव त्याच्या हेतूवरून ठेवा. आणि काय असेल ते स्पष्ट लिहा. नमुना म्हणून:

"प्रकल्प पूर्ण झाल्याबद्दल गुरुवारी सायंकाळी ६ ते ९ एकत्र भेटतोय. ६:४५ ला जेवण सुरू होईल, ७:३० ला प्रश्नमंजूषा. वाइन आणि बिअर असेल, तसेच अल्कोहोल नसलेली पाच-सहा पेयं, चहा आणि कॉफीही असेल. बसायला भरपूर जागा आहे. मध्येच निघायचं असेल तर निःसंकोच निघा."

यातली प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाची आहे. मद्य असणार हे आधी कळल्यामुळे ज्याला ते टाळायचं आहे त्याला ठरवता येतं. जेवणाची वेळ कळल्यामुळे कुणी उपाशीपोटी पीत बसत नाही. शेवटच्या ओळीमुळे लवकर निघणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

तिसरं काम: पेयं. इथे खरी मेहनत आहे

बहुतेक आयोजक इथेच "सॉफ्ट ड्रिंक्स सांगितलीत" म्हणून मोकळे होतात. पण न पिणाऱ्याची संध्याकाळ इथेच बनते किंवा बिघडते, म्हणून थोडं खोलात जाऊया.

संख्येपासून सुरुवात करू. जितक्या प्रकारचं मद्य, तितक्याच प्रकारची अल्कोहोल नसलेली पेयं असा साधा नियम ठेवा. दोन वाइन आणि दोन बिअर असतील तर पाण्याखेरीज किमान चार पेयं. ती एकाच चवीची नकोत. गोड सरबतं आणि कोला म्हणजे सगळा साखरेचा मारा असतो. मधुमेह असलेल्याला त्यात काहीच नसतं, आणि तिसऱ्या ग्लासापर्यंत कुणाचंही तोंड गोड गोड होऊन जातं. एक बिनसाखरेचं, एक आंबट किंवा कडसर, एक फळांचं, एक गरम अशी विभागणी करा. रात्री कॅफिन नको असणारेही असतात, त्यांच्यासाठी एखादा हर्बल चहा ठेवा.

प्रमाणाचा हिशोब असा: पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढच्या प्रत्येक तासाला एक. साठ लोक आणि तीन तास म्हणजे २४० ग्लास. त्यातले निम्मे अल्कोहोल नसलेले धरा, म्हणजे १२० ग्लास. एक ग्लास २५० मिलीचा धरला तर ३० लिटर. पाणी यात नाही, ते वेगळं. निम्मे हे प्रमाण जास्त वाटेल, पण मद्य घेणारेही मध्ये मध्ये दुसरं काहीतरी घेतात आणि चांगलं काही समोर असेल तर आवर्जून घेतात. नऊ वाजता बिअर शिल्लक आहे आणि इतर सगळं संपलंय असं झालं, तर ज्याला तिसरी बिअर नको होती तोही तीच घेतो.

आता शुद्धतेचा मुद्दा. "नॉन-अल्कोहोलिक" लिहिलेल्या बाटलीत अल्कोहोल अजिबात नसतं असं नाही. अमेरिकेत ०.५ टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या बिअरवर असं लिहिता येतं, आणि वेगवेगळ्या देशांत मर्यादा वेगवेगळ्या आहेत. धर्मामुळे न घेणाऱ्याला किंवा व्यसनमुक्त माणसाला हा फरक महत्त्वाचा वाटू शकतो. डायसल्फिराम हे व्यसनमुक्तीसाठी दिलं जाणारं औषध घेणाऱ्याला तर थोडंसं अल्कोहोल पोटात गेलं तरी त्रास होऊ शकतो. म्हणून बाटलीवरचा आकडा तपासा आणि मेन्यूवर तसाच लिहा: "०.० टक्के" किंवा "०.५ टक्क्यापर्यंत".

मॉकटेल मागवत असाल तर बारटेंडरला एक प्रश्न हमखास विचारा: यात बिटर्स घालता का? चवीसाठी थेंब-दोन थेंब टाकलं जाणारं हे द्रावण काही प्रचलित ब्रँडमध्ये ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं असतं. बारटेंडरच्या दृष्टीने ते नगण्य असतं, त्यामुळे तो आपणहून सांगणार नाही. कोंबुचा हे चहापासून केलेलं पेयसुद्धा आंबवलेलं असतं आणि त्यात थोडं अल्कोहोल तयार होतं. शेकर आणि मोजमापाची भांडी दोन्हीकडे तीच वापरली जात असतील तर वेगळी ठेवायला सांगा.

मांडणी तितकीच महत्त्वाची आहे. ही पेयं त्याच काउंटरवर, त्याच उंचीवर, तितक्याच थंड बर्फात आणि तशाच काचेच्या ग्लासात द्या. प्लास्टिकचा पेला हातात असला की दुरूनच कळतं कोण घेत नाही ते. पण दिसायला सगळं सारखं झालं की चुकीचा ग्लास उचलला जाण्याची भीती असते, आणि व्यसनमुक्त माणसाच्या बाबतीत ती गंभीर आहे. यावर उपाय असा की तयार भरलेल्या ट्रेमध्ये दोन प्रकार कधीच एकत्र फिरवायचे नाहीत. ट्रे वेगळे, आणि वेटरने तोंडाने नाव सांगूनच ग्लास पुढे करायचा. बाटल्या उघडताना माणसाला दिसाव्यात. मेन्यूवर अल्कोहोल नसलेल्या पेयांना खास नावं आणि घटक लिहा, "इतर" या शब्दाखाली ढकलू नका. शक्य असेल तर एक काउंटर फक्त अशा पेयांचं, दारापाशी आणि बारपासून लांब ठेवा. काहींना बारच्या रांगेत उभं राहायलाच नको असतं.

कूपन देत असाल तर ते कोणत्याही पेयाला चालावं. दोन कूपन बिअरची आणि कोल्याचे पैसे मात्र खिशातून, असा प्रकार अजूनही दिसतो. पाणी कायम मोफत आणि मागावं न लागता मिळणारं असावं.

चौथं काम: जेवण

जेवण लवकर आणि भरपेट द्या, पहिल्या ग्लासाबरोबरच काहीतरी खायला असू द्या.

इथे लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पदार्थांतलं मद्य. सॉसमध्ये वाइन, केकमध्ये रम, पुडिंगवर ब्रँडी. "शिजवताना उडून जातं" असं आचारी सांगतात, ते पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार मद्य ओतून ज्योत पेटवलेल्या पदार्थात साधारण ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, अर्धा तास शिजवलेल्यात ३५ टक्के, आणि अडीच तास शिजवल्यावरही ५ टक्के. केटररला असे पदार्थ आधीच विचारा, शक्यतो टाळा आणि असतील तर समोर पाटी लावा.

पाचवं काम: आग्रह थांबवणं

सगळी पेयं उत्तम ठेवली तरी एक बोलका वरिष्ठ सगळं फुकट घालवू शकतो. प्रसंग साधारण असा घडतो:

"अरे, तुझा ग्लास कुठंय?"

"हा काय सर, सोडा घेतलाय."

"सोडा काय? आज टार्गेट पूर्ण झालंय. एक घे, काही होत नाही."

"नको सर, खरंच नको."

"का रे, तब्येत बरी आहे ना? की घरी रागावतात?"

टेबलावर हशा पिकतो. बोलणाऱ्याने प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण इतक्याशा संवादात एका माणसाचा नकार मोडीत निघालेला असतो आणि सगळ्यांसमोर त्याच्या तब्येतीची आणि घराची चौकशी झालेली असते. उलट उत्तर द्यायची त्याची सोय नसते, कारण समोरचा माणूस त्याचं वार्षिक मूल्यमापन लिहिणार असतो. पुढच्या वेळी तो येतच नाही, आणि त्यामागचं कारण कुणाला कळत नाही.

म्हणून कार्यक्रमाआधी वरिष्ठांशी पाच मिनिटं बोला. ईमेल नको, समोरासमोर बोला. सांगायचं इतकंच: "काय घेणार?" एकदा विचारा, जे उत्तर येईल ते आणून द्या, विषय संपला. "एकच घे", "आज चालतं", "तू अजून घेत नाहीस?" ही वाक्यं नकोत. वरिष्ठांपैकी कुणी एकाने त्या संध्याकाळी स्वतःच अल्कोहोल नसलेलं पेय हातात ठेवलं तर सर्वांत चांगलं. भाषणातल्या सूचनेपेक्षा नव्या माणसाला त्या ग्लासाने जास्त धीर येतो.

आयोजकांपैकी दोघा-तिघांनी लक्ष ठेवायचं. वरच्यासारखा संवाद कानावर पडला तर दटावायची गरज नसते. मध्ये शिरून विषय बदला: "सर, त्या नव्या क्लायंटचा किस्सा याच्याकडून ऐकलात का? हाच होता तिथे." माणूस अडचणीतून सुटतो, आणि त्याच्याकडे कामाच्या बोलण्याची सूत्रंही येतात. एवढ्याने भागलं नाही आणि कुणी हट्टालाच पेटलं, तर मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, मग तो कितीही वरच्या पदावर असो.

चिअर्स म्हणताना "सगळ्यांनी ग्लास भरून घ्या" म्हणून वाइन वाटत सुटू नका. "हातात जे असेल ते उंचवा" म्हणा. पाण्याचा ग्लास चालतो.

सहावं काम: कामाचं बोलणं उशिरापर्यंत रेंगाळू देऊ नका

माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथे होतो आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. अधिकृत कार्यक्रम नऊला संपतो. मग पाच-सहा जण "चला, अजून एक ठिकाणी" म्हणून बारमध्ये जातात. तिथे कोणाला कुठला प्रकल्प मिळणार, कोण कंपनी सोडतोय, कुठली जागा रिकामी होतेय हे सगळं बोललं जातं. सोमवारी त्यातलं अर्धं ठरलेलं असतं. न पिणारा, लवकर घरी जाणारी, लांब राहणारा, सगळे त्यातून बाहेर.

लोकांनी खासगी वेळेत कुठे जावं हे तुम्ही ठरवू शकत नाही. पण दोन गोष्टी करता येतात. ज्या ओळखी आणि ज्या घोषणा व्हायला हव्यात त्या पहिल्या तासात घडवून आणा: नव्या माणसाला वरिष्ठांशी स्वतः नेऊन भेटवा, कौतुकाचे शब्द जेवणाआधीच बोला. आणि कामाचा कोणताही निर्णय अशा ठिकाणी झाला तर तो बैठकीत पुन्हा मांडल्याशिवाय पक्का धरायचा नाही, हे वरिष्ठांकडून कबूल करून घ्या.

बार संपण्याची वेळ कार्यक्रमाच्या शेवटाआधी अर्धा-पाऊण तास ठेवा. गोंगाट कमी, खुर्च्या भरपूर, संगीत बोलणं ऐकू येईल इतपतच. आणि न पिणाऱ्याला सगळ्यांचा ड्रायव्हर समजू नका. घरी सोडायची सोय कंपनीने करायची, ती त्याच्या गळ्यात घालायची नाही.

बिल, भेटवस्तू आणि मोठ्या परिषदा

वर्गणी काढून जेवायला गेलात तर मद्याचं बिल वेगळं करायला वेटरला सुरुवातीलाच सांगा. शेवटी सांगितलं की गोंधळ होतो, आणि ज्याने दोन ग्लास सोडा घेतला तो संकोचाने सहा जणांच्या व्हिस्कीचे पैसे भरतो. ग्राहकांना आणि वक्त्यांना सरसकट बाटली भेट देऊ नका.

दोन-तीन दिवसांची परिषद असेल तर आणखी एक सोय करता येते. व्यसनमुक्त लोकांना प्रवासात आणि पार्ट्यांच्या गर्दीत आधाराची गरज वाटते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहणाऱ्यांची, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ आज जगभर पसरली आहे. तिचे एक संस्थापक बिल डब्ल्यू. या नावाने ओळखले जात. म्हणून काही परिषदांच्या आणि क्रूझच्या वेळापत्रकात "फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू." अशी नोंद असते. ज्यांना कळायचं त्यांना कळतं, इतरांचं लक्षही जात नाही. रोज तासभर एक शांत खोली, तिच्यावर ही पाटी, आणि दारात नावनोंदणी नाही. एवढंच लागतं.

वरिष्ठ किंवा प्रायोजक तयार नसतील तर

"दारू नसेल तर लोक येणार नाहीत" असं ऐकायला मिळतं. तेव्हा वाद घालू नका, हिशोब दाखवा: मद्य काढायचं नाही, बजेटचा एक भाग इतर पेयांकडे वळवायचा आहे, आणि बहुधा एकूण खर्च कमीच होईल. आरोग्याचा मुद्दा निघाला तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही असं स्पष्ट केलं आहे, आणि कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेलं, कर्करोगकारक ठरवलं आहे. पण हे आकडे पार्टीत सांगत बसू नका. पिणाऱ्याला शरमेने मान खाली घालावी लागली तर तोही पाहुणा दुखावला जातो, आणि त्याचा राग न पिणाऱ्यावर निघतो. प्रायोजक बारच प्रायोजित करायचा म्हणत असेल तर त्याला कॉफी काउंटर किंवा खेळांचं दालन देऊ करा. सकाळपासून रात्रीपर्यंत नाव झळकतं म्हटल्यावर अनेक जण तयार होतात.

कार्यक्रम झाल्यावर

दुसऱ्या दिवशी केटररकडून कोणतं पेय किती उघडलं आणि किती परत गेलं याची यादी मागवा. कोणती पेयं आधी संपली आणि किती वाजता संपली हे विचारा. पुढची ऑर्डर याच यादीवरून द्यायची. सोबत निनावी फॉर्म पाठवा, तीनच प्रश्न: तुम्हाला हवं ते प्यायला मिळालं का? कुणी आग्रह केला का? कोणत्या वेळी निघालात आणि का? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. साडेसातला निघालेल्यांचं प्रमाण जास्त असेल, तर पुढच्या वेळी प्रश्नमंजूषा पावणेसातला घ्या आणि जेवण सहालाच सुरू करा.